हाऊजिंग उघडण्याआधी

मागच्या एक्सलचा आवाज येतो म्हणून गॅरेजात आलेल्या गाडीचा मागचा एक्सल पुष्कळदा निर्दोष असतो. आवाज मागून येतोय एवढं मात्र खरं असतं. पण पत्र्याची बॉडी हा मोठा लबाड वाहक आहे. गियरबॉक्सची कुरकुर ती मागच्या सीटखाली नेऊन सोडते आणि झिजलेल्या टायरची घरघर थेट डिफरन्शियलच्या अंगावर ढकलते. मग कुणीतरी गाडीखाली डोकं घालून प्रॉपेलर शाफ्ट हातानं हलवतो, थोडा प्ले लागतो, आणि निकाल लागतो : ‘क्राऊन-पिनियन गेलं.’ सेट येतो, बसतो, गाडी रस्त्याला लागते आणि पन्नासच्या पुढे तोच आवाज पुन्हा सुरू होतो. कधी तर जुन्या आवाजाच्या जोडीला एक नवाही येतो, कारण चांगला बसलेला जुना सेट काढून घाईत बसवलेला नवा सेट आत गेलेला असतो.

हा खर्च वाचावा, हा या पुस्तकाचा पहिला हेतू. दुसरा हेतू वरवर पाहता वेगळा आहे : रेशो कुठला घ्यावा? जीप पळत नाही, हायवेला इंजिन किंचाळतं, घाटात दम लागतो, म्हणून क्राऊन-पिनियनचा रेशोच बदलून टाकू, असं म्हणणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. आवाजाचं निदान आणि रेशोची निवड एका पुस्तकात कशाला, असं हस्तलिखित वाचणाऱ्या एका मित्रानं विचारलं. माझं उत्तर असं की दोन्ही ठिकाणी विचारायचा प्रश्न एकच आहे : किती वेगाला आणि कुठल्या भाराखाली? ‘आवाज येतो’ ही तक्रार या प्रश्नाच्या उत्तराशिवाय अपुरी आहे, आणि ‘चार पॉइंट सत्तावीस चांगला’ हा सल्लाही तितकाच अपुरा आहे. या प्रश्नाला बगल देऊन पाना उचलणाऱ्यांमुळेच बहुतेक एक्सल बिघडतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९८३ च्या अखेरीला मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांना ताकद देणारी मोटार घरोघर पोचली. त्या गाडीत मागचा एक्सल म्हणजे चाकं धरून ठेवणारी नुसती नळी. त्यामुळे मोटारींवर वाढलेल्या एका अख्ख्या पिढीतल्या मेकॅनिकांच्या हाताखालून क्राऊन व्हील फारसं गेलंच नाही. ज्यांनी पद्मिनी आणि ॲम्बॅसेडर उघडल्या ते आता निवृत्त झाले. पण मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या संपलेल्या नाहीत. सुमो आणि बोलेरो गावोगाव धावतात, जुन्या मोटारी हौसेनं जपल्या जातात, आणि जीप तर मरतच नाही. म्हणून या पुस्तकात मी उदाहरणाला सतत एकच गाडी घेतली आहे : सीजे-३बी.

तिची निवड नुसत्या प्रेमापोटी नाही. विलिसनं ही जीप १९५३ साली अमेरिकेत आणली. इनलेट व्हाल्व वर आणि एक्झॉस्ट व्हाल्व बाजूला अशा रचनेचं हरिकेन इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. तिकडे तिचं उत्पादन १९६८ ला थांबलं, पण माझगावात जीप जुळवण्यापासून सुरुवात केलेल्या महिंद्रांनी तिचं घराणं इथं पुढे कितीतरी वर्षं चालवलं. त्यामुळे महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी आजही तिचा एखादा सांगाडा सापडतो आणि तिचे सुटे भाग मिळतात. शिवाय तिच्या मागच्या एक्सलचे आकडे शिकवायला फार सोयीचे आहेत. क्राऊनला ४३ दात, टेल पिनियनला ८. भागाकार ५.३७५, बोलताना ५.३८.

हे असे विचित्र आकडे का, साडेपाच का नाही, असा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. ४४ आणि ८ घेतले असते तर पिनियनचा प्रत्येक दात फेऱ्यामागून फेरे क्राऊनच्या त्याच त्या ठरलेल्या दातांना भेटला असता, आणि एका दाताचा दोष कायम त्याच जोडीदारांच्या अंगावर उमटत राहिला असता. ४३ आणि ८ यांना सामाईक भाजक नाही. त्यामुळे प्रत्येक दात दुसऱ्या चाकाच्या प्रत्येक दाताशी लागतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. ३९ आणि ८ चा ४.८८, ४१ आणि १० चा ४.१०, ४१ आणि ११ चा ३.७३, हे सगळे याच जातीचे. ४० आणि १० सारखा सरळ चारचा रेशो असतो तेव्हा मात्र बसवताना खुणेला खूण जुळवावी लागते, नाहीतर आधीच एकमेकांना सरावलेले दात भलत्यांशी गाठ पडून ओरडतात.

मागच्या एक्सलला तीन कामं आहेत. प्रॉपेलर शाफ्टची फिरकी काटकोनात वळवायची, तिचा वेग कमी करून जोर वाढवायचा, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फिरू द्यायचं. पहिली दोन क्राऊन-पिनियनची, तिसरं आतल्या स्टार पिनियनांचं. जुन्या गाड्यांत पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यरेषेवर असे. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीच्या यंत्रांवर हायपॉइड दात कापले जाऊ लागले आणि पॅकार्डनं ते आपल्या मोटारींत घातले. पिनियन मध्यरेषेच्या खाली उतरलं, शाफ्ट खाली गेला, गाडीचा तळ खाली आला. दात एकमेकांवर लोळण्याबरोबर घसरूही लागले, त्यामुळे आवाज कमी झाला. त्या घसरण्याची किंमत तेलानं चुकवावी लागते. साधं तेल त्या दाबाखाली पिळून बाहेर जातं. दातांवर संरक्षक थर धरणारी रसायनं असलेलं, जीएल-५ दर्जाचं गियर ऑइलच लागतं. तेच तेल गियरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोरिंगला मानवेल असं नाही, म्हणून एकच डबा सगळीकडे ओतायची सवय सोडावी.

आता आवाजाकडे. इथं मी थोडं गणित मांडणार आहे, आणि गणिताला कंटाळणाऱ्यांनीही ते एकदा सोसावं, कारण त्यानंतर कान वेगळे होतात.

सीजे-३बीचा ६.००-१६ टायर साधारण २८ इंच व्यासाचा. एका फेऱ्यात गाडी सुमारे २.२३ मीटर पुढे जाते. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साडेसात वेळा फिरतं. प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याबरोबर पिनियन सेकंदाला चाळीस वेळा. आणि पिनियनला आठ दात, म्हणजे दाताला दात सेकंदाला तीनशे वीस वेळा लागतो. हे तिन्ही आकडे कानाला वेगवेगळे ऐकू येतात. साडेसात हा आवाजच नव्हे, ती थरथर आहे : सीटमधून, स्टिअरिंगमधून कळते. चाळीसची गुणगुण शाफ्टच्या बॅलन्सची, आणि क्रॉसचे कोन बिघडले तर तीच फेऱ्याला दोनदा, म्हणजे ऐंशीची. तीनशे वीस मात्र स्वच्छ सूर आहे. पेटी जवळ असेल तर मध्य सप्तकात पांढरी तीन दाबून पाहा, गाडीचा सूर तिच्या किंचित खाली लागेल. ताशी ८० ला तोच सूर पांढरी सहाच्या किंचित खाली चढतो. ओझ्याखाली टायर थोडा बसतो, स्पीडोमीटर थोडं खोटं बोलतं, म्हणून अगदी श्रुतीला जुळणार नाही. पण तक्रार ‘कुंई’ अशी असेल आणि सूर या जागेच्या जवळपास असेल, तर ते दातच आहेत. मोबाइलवर सूर मोजणारी ॲप फुकट मिळतात, त्यांनीही काम भागतं.

या हिशेबानं एक मोठा घोटाळा सुटतो. सीजे-३बीची ट्रान्सफर केस अशी आहे की टू-व्हीलमध्ये, टॉप गियरमध्येही ताकद तिच्या दातेरी चाकांतूनच जाते. तिचा आवाजही वेगाबरोबर चढतो, गियर बदलला तरी बदलत नाही, म्हणजे अगदी मागच्या एक्सलसारखाच वागतो. फरक सुराचा. तिच्या चाकांना आठापेक्षा कितीतरी जास्त दात, त्यामुळे त्याच वेगाला तिचा सूर बराच वर लागतो. ज्यांनी हे कधी ऐकून ताडलं नाही त्यांनी ट्रान्सफर केसच्या पापासाठी मागची हाऊजिंग उघडली आहे. पुढच्या एक्सलचंही असंच. चाकांना सोडवणारे फ्री-व्हील हब नसतील तर टू-व्हीलमध्येही पुढची चाकं आपला क्राऊन आणि पुढचा शाफ्ट फुकट फिरवत राहतात. तिथला आवाज बॉडीखालून मागे सरकतो आणि दोष मागच्याला लागतो.

रस्त्यावरच्या चाचणीला मी वर्कशॉपमधल्या कुठल्याही चाचणीपेक्षा जास्त मान देतो. टायरमध्ये हवा बरोबर भरून, तेलाची पातळी बघून, गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करून घ्यायची. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर आवाजाचा वेग शोधायचा. त्याच वेगाला चार गोष्टी करायच्या : ॲक्सिलरेटर दाबून खेचायचं, पाय उचलून गाडीला इंजिननं अडवू द्यायचं, मग मधल्या अशा जागी पाय ठेवायचा की गाडी ना ओढते ना अडते, आणि शेवटी न्यूट्रल. खेचताना येणारी आणि पाय उचलताच थांबणारी कुंई ही दाताच्या एका बाजूची. पाय उचलल्यावर येणारी दुसऱ्या बाजूची, आणि त्यामागे पुष्कळदा पिनियनचा सैल पडलेला नट किंवा पुढचं बेअरिंग असतं. अधांतरी अवस्थेतच वळवळणारा, धड नसलेला आवाज प्ले वाढल्याचा. चारही अवस्थांत जराही न बदलणारी घरघर बहुधा एक्सलची नसतेच. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत काँक्रीटवर आल्यावर ती बदलली तर टायर. सावकाश डावी-उजवी झोकांडी दिल्यावर एका बाजूला वाढली आणि दुसऱ्या बाजूला दबली तर चाकाचं बेअरिंग.

आपल्याकडे घाट आहेत हे या कामातलं भाग्य समजावं. खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट चढताना मिनिटांमागून मिनिटं दाताची खेचणारी बाजू भाराखाली राहते, उतरताना खालच्या गियरमध्ये दुसरी. सपाट रस्त्यावर दोन सेकंद ऐकू येणारा आवाज घाटात निवांत तपासता येतो. मात्र न्यूट्रलची चाचणी घाटात कधीही करायची नाही.

बेअरिंगचा आवाज सुरेल नसतो. तो गुरगुरतो. पिनियनची बेअरिंगं शाफ्टच्या वेगानं फिरतात, म्हणजे चाकापेक्षा सव्वापाचपट जलद, आणि त्यांची गुरगुर बारीक, दाट असते. क्राऊनच्या दोन्ही बाजूंची बेअरिंगं चाकाच्या वेगानं, म्हणून ती जाडीभरडी, ताशी वीस-तीसलाही कळणारी. पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या जीपमध्ये हे फार आढळतं. तेलात बुडालेला भाग सुरक्षित राहतो आणि वरच्या अर्ध्याला दमटपणानं गंजाचे खड्डे पडतात. ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांचं दुखणं आणखी पुढचं. गरम हाऊजिंग थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर आवाजाची वाट पाहू नये. ब्रीदर चिखलानं बुजलेला असेल तर उलटं होतं : दाब वाढून तेल सीलबाहेर येतं आणि लायनरवर पसरतं. ब्रेक एका बाजूला ओढतो ही तक्रार घेऊन येणारी जीप काही वेळा प्रत्यक्षात ब्रीदरची रोगी असते.

‘ठक्’ या आवाजाबद्दल मला जरा जास्त सांगायचंय, कारण त्यात सर्वांत जास्त पैसा वाया जातो. गाडी सुटताना किंवा रिव्हर्स टाकताना एकदा ठक् होतं आणि दोष क्राऊन-पिनियनच्या प्लेला दिला जातो. पण शाफ्ट हातानं फिरवल्यावर लागणारा एकूण प्ले हा साखळीतल्या सगळ्या दुव्यांची बेरीज असतो : गियरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन क्रॉस, शाफ्टचे सरकते स्प्लाइन, क्राऊन-पिनियन, स्टार पिनियन, एक्सल शाफ्टचे स्प्लाइन. शेवटी हब. सीजे-३बीच्या मागच्या एक्सलचं टोक निमुळतं आहे. त्यावर हब एका चावीच्या आणि मोठ्या नटाच्या भरवशावर बसतो. नट जरा सैल राहिला की चावी झिजते आणि प्रत्येक सुटीला हब शाफ्टवर किंचित फिरून ठक् करतो. स्प्लिट पिन काढून नट ताणून पाहणं हे दोन मिनिटांचं काम. त्याआधी हाऊजिंगच्या झाकणाला हात लावणाऱ्याला मी माझ्या गाडीजवळ उभा करणार नाही. चावी झिजलेली तशीच चालवत राहिलात तर मात्र पुढे शाफ्टच तुटतो.

गाडी स्टँडवर चढवून इंजिननं चाकं फिरवणं ही चाचणी मी पुस्तकात दिली आहे, पण नाइलाजानं. भार नसताना दात खरं बोलत नाहीत. बॉडीच्या चेसिसला जॅक लावला तर एक्सल खाली लोंबतो, क्रॉसचे कोन बदलतात आणि नसलेला आवाज निर्माण होतो. म्हणून स्टँड एक्सललाच, दोन्ही बाजूंना, पुढच्या चाकांना उटी, आणि फोर-व्हीलचा दांडा बाहेर. एकच चाक उचलून वेग कधीही देऊ नये. साध्या डिफरन्शियलमध्ये ते एकटं चाक दुप्पट वेगानं फिरतं आणि स्टार पिनियनं सुकी घासून जळतात. लिमिटेड स्लिप असेल तर जमिनीवरचं चाक गाडीच जॅकवरून ओढून नेतं. फिरत्या गाडीखाली कान लावायला लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कुणी सरपटू नये. स्टेथोस्कोप हवा, आणि त्यातही बाही आवळलेली.

जुनी गाडी घेणाऱ्यांना एक इशारा. अजिबात आवाज न करणारा फार जुना एक्सल आढळला तर ड्रेन प्लग काढून तेल बघा. तेलात लाकडाचा भुसा कालवून दातांचं रडणं काही दिवस थांबवण्याची युक्ती जगभर जुनी आहे. आपल्याकडचे दलाल त्यात मागे नाहीत.

उघडायचीच वेळ आली तर पुढची प्रकरणं क्रमानं वाचावीत. इथं फक्त माझा एक हट्ट सांगतो. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकत्र घासून जोडीनं बाहेर पडतात, दोघांवर एकच जोडी-क्रमांक कोरलेला असतो. एक बदलून दुसरं ठेवणं म्हणजे दोन्ही फेकणं. आणि हजारो किलोमीटर चाललेली जोडी कुंई करते म्हणून तिच्या शिम बदलून ती गप्प करायचा खटाटोप सहसा फसतो. दातांनी एकमेकांत आपली जागा कोरून घेतलेली असते. ती सरकवली की आवाज बदलतो, थांबत नाही. बेअरिंग शाबूत, तेल स्वच्छ आणि दात न फुटलेले असतील तर किंचित कुंई करणारा एक्सल तसाच चालवावा, रेडिओ लावावा. हे वाचून काही जणांना वाईट वाटेल. ज्यांनी तीन-तीनदा हाऊजिंग उघडली त्यांना वाटणार नाही.

नवी जोडी बसवताना चार गोष्टी जमवाव्या लागतात : पिनियन किती आत, त्याच्या बेअरिंगवर किती ताण, दातांत किती प्ले, आणि क्राऊनच्या दोन्ही बेअरिंगवर किती ताण. या आकाराच्या एक्सलला प्ले साधारण ०.१३ ते ०.२५ मिलिमीटर, आणि तो डायल गेजनंच मोजायचा, अंगठ्यानं नव्हे. दाताची गाठ कुठे पडते ते पाहायला तेलात कालवलेला शेंदूर किंवा प्रशियन ब्लू लावून क्राऊन फिरवायचं. ठसा दाताच्या मुळाकडे गेला तर पिनियन जास्त आत, टोकाकडे गेला तर कमी. हा ठसा वाचायला शिकणं हे या साऱ्या कामाचं हृदय आहे, आणि पुस्तकातली सर्वांत जास्त पानं त्यालाच दिली आहेत. काही एक्सलमध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये चेपणारी नळी असते. नट जास्त आवळला गेला तर तो मागे फिरवून ताण कमी करायचा मोह होतो. तसं करू नये, नळी एकदाच चेपते. नवी घालावी.

आता रेशो. हरिकेन इंजिनाचा सर्वांत जास्त टॉर्क, सुमारे १५५ न्यूटन-मीटर, मिनिटाला २,००० फेऱ्यांना येतो आणि कमाल ताकद, ७२ अश्वशक्ती, ४,००० ला. ५.३८ च्या रेशोनं, टॉप गियरमध्ये, २,००० फेरे म्हणजे ताशी ५० किलोमीटर, ४,००० म्हणजे १००. ज्यानं हा रेशो ठरवला त्यानं शेतावरच्या, कच्च्या रस्त्याच्या, ओझं ओढणाऱ्या गाडीचा विचार केला होता, आणि त्या गाडीसाठी तो अचूक आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ताशी पन्नासनं जाणाऱ्या जीपला त्यात खुपण्यासारखं काही नव्हतं. द्रुतगती मार्गावर मात्र ८० नं जाताना तेच इंजिन तासन्‌तास ३,२०० वर राहतं, आणि मालकाला वाटतं रेशो चुकला. रेशो तोच आहे, रस्ता बदलला.

४.८८ घेतला तर ८० ला फेरे २,९०० वर येतात, ४.२७ घेतला तर २,५५० वर. हे वाचून हात शिवशिवतात. पण दुसरी बाजू बघा. या जीपचा मूळ टी-९० गियरबॉक्स तीन गियरांचा : २.८०, १.५५ आणि सरळ. ५.३८ ला पहिल्या गियरमध्ये इंजिनाचा जोर चाकापर्यंत १५ पट होऊन पोचतो, ४.२७ ला १२ पट. दर सुटीला क्लच तेवढा जास्त घसरवावा लागतो. घाटात टॉपला जमत नाही म्हणून सेकंडला आलात तर दोन्हींमधली दरी मोठी, आणि रेशो ढिला केल्यावर टॉपला जमेनासं होण्याची वेळ जास्त वेळा येते. पाच गियरांचा बॉक्स असलेल्या गाडीला ही अडचण नाही. तीन गियरवाल्याला ती रोज भेटते. पेट्रोल इंजिन काढून ट्रॅक्टरच्या घराण्यातलं सावकाश फिरणारं डिझेल घातलेल्या जीपचं उलट आहे. तिचं इंजिन २,५०० च्या आत थकत असेल तर ५.३८ नं ती साठ-बासष्टच्या पुढे जाणारच नाही. तिथं रेशो बदलणं चैन म्हणता येणार नाही, ती गरज आहे.

अमेरिकेत रस्त्यावरच्या मोटारींना वेगळे रेशो घालण्याची परंपरा जुनी. साठच्या दशकात तिकडे गाडीची ऑर्डर देतानाच रेशो निवडता येई, आणि १९५७ ला आलेल्या फोर्डच्या नऊ-इंची एक्सलचा मधला गोळाच पुढून सुटा निघत असल्यानं अदलाबदल सोपी. पाव मैलाच्या शर्यतीवर डोळा ठेवून ४.१० घालायचं आणि मग रोज कामाला जाताना पश्चात्ताप करायचा, ही तिथली ठरलेली गोष्ट. २६ इंची टायर आणि सरळ टॉप गियर असेल तर ताशी १०० ला ४.१० मध्ये इंजिन ३,३०० वर फिरतं, ३.०८ मध्ये २,४७५ वर. ०.७० चा ओव्हरड्राइव्ह गियर आल्यावर ३.७३ घेऊनही २,१०० वर समाधान होऊ लागलं. म्हणजे रेशो एकटा कधी चांगला-वाईट नसतो. टायर, टॉप गियर आणि इंजिनाचा सुखाचा पट्टा सांगितल्याशिवाय तो आकडा निरर्थक आहे.

टायर तर फार लोक विसरतात. २८ इंची काढून ३१ इंची घातलेल्या जीपचा ५.३८ प्रत्यक्षात ४.८६ सारखा वागतो. रुबाबासाठी मोठे टायर घातलेल्यानं रेशो आधीच बदललेला आहे, फक्त त्याला कुणी सांगितलेलं नाही. वर आणखी ४.२७ घातला की घाटात काय होईल ते वेगळं सांगायला नको. स्पीडोमीटरही तेव्हापासून कमी दाखवत असतं. टायर बदला की रेशो, त्याची केबल फिरवणारं छोटं गियर जमलं तर बदलावं, नाहीतर मोबाइलच्या जीपीएसशी ताडून फरकाचा तक्ता तरी गाडीत ठेवावा.

आणि फोर-व्हील. मागचा रेशो बदलला तर पुढचा बदलावाच लागतो. न बदलता फोर-व्हील टाकलं तर पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात, आणि कोरड्या रस्त्यावर पहिला बळी ट्रान्सफर केसचा किंवा क्रॉसचा. सीजे-३बीचा पुढचा एक्सल मागच्यापेक्षा लहान, वेगळ्या घराण्याचा. मागच्याला मिळणारे सगळे रेशो त्याला मिळतीलच असं नाही. पैसे मोजण्याआधी दोन्हींची जोडी दुकानात समोर ठेवून दात मोजून घ्या. पेटीवरच्या छापील आकड्यावर विसंबू नका. गाडीतला सध्याचा रेशो ठाऊक नसेल तर मागचं एक चाक जमिनीवर ठेवून दुसरं उचला, उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते खडूच्या खुणेवरून मोजा. सव्वापाचाच्या किंचित पुढे आला तर ५.३८, पाचाच्या किंचित अलीकडे थांबला तर ४.८८.

नव्या जोडीला पहिल्या दिवशी लगेच घाटात नेऊ नका. पंधरा-वीस मिनिटं हलक्या पायानं चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. पहिले काही शे किलोमीटर ट्रॉली ओढू नका, आणि त्यानंतर तेल बदला. काढलेलं तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून बघा. बारीक करडी पूड दिसली तर ती दातांच्या सरावाची, चिंता नको. चमकणारे पापुद्रे दिसले तर पुस्तकाचं सातवं प्रकरण काढा.